अंतर देणे

मराठीतला ‘अंतर’ हा शब्द विलक्षण आहे. तो दोन स्थळांमधील भूमीचे माप सांगतो, मनुष्याच्या अंतःकरणाचाही निर्देश करतो आणि ‘देणे’ या क्रियापदाशी जोडला गेला, की त्याचा अर्थ ऐन वेळी साथ सोडणे असा होतो. ‘मी तुला अंतर देणार नाही’ हे वचन आपल्याकडे बोहल्यापासून मृत्युशय्येपर्यंत उच्चारले जाते. भूगोलातले अंतर आपोआप पडलेले असते, ते कोणी कोणाला दिलेले नसते. हे दुसरे अंतर मात्र देणाऱ्यावाचून पडत नाही. या दोन अंतरांचा परस्परांशी काय संबंध आहे, आणि पहिले जसजसे आटत गेले तसतसे दुसऱ्याचे काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. हा प्रश्न मला ग्रंथालयात पडला नाही. तो लखनौच्या मानक नगरात पडला आणि तेथे तो मला फार उशिरा पडला.

लखनौहून कानपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, शहर मागे टाकता टाकता, मानक नगर नावाचे एक लहानसे स्थानक लागते. रेल्वेची संशोधन, अभिकल्प आणि मानके यांची संस्था येथे आहे. १९३० मध्ये स्थापन झालेले मानकांचे मध्यवर्ती कार्यालय आणि १९५२ मध्ये सुरू झालेले चाचणी व संशोधन केंद्र यांच्या विलीनीकरणातून १९५७ मध्ये ही संस्था उभी राहिली, आणि तिच्याभोवतीच्या वसाहतीला तिच्याच कामाचे नाव मिळाले. हिंदीतले ‘मानक’ म्हणजे आपले ‘प्रमाण’. देवांची, राजांची, पुढाऱ्यांची नावे धारण करणारी गावे आपल्याकडे उदंड आहेत. मोजण्याच्या प्रमाणावरून ओळखले जाणारे गाव मला तरी दुसरे ठाऊक नाही.

माझी थोरली बहीण लग्नानंतर या वसाहतीत आली आणि तिचे सारे आयुष्य याच परिसरात गेले. भावोजी या संस्थेत अभियंता होते. निवृत्तीनंतर त्यांनी शेजारच्या आलमबागेत घर घेतले. मुंबईकर मेहुण्याला रेल्वेचे काम समजावून सांगण्याचा त्यांना कधी कंटाळा आला नाही. एखाद्या मार्गावर गाडीचा वेग वाढवायचा झाला तर आधी दोलन-चाचणी घ्यावी लागते, हे मला त्यांच्याकडून कळले. इंजिनाला जोर आहे म्हणून वेग वाढवता येत नाही. त्या वेगाला डबा किती हेलकावतो, चाक रुळाला धरून राहते की नाही, हे उपकरणे लावून पाहावे लागते आणि मगच वेगाला अनुमती मिळते. १९६९ मध्ये ताशी १२० किलोमीटर वेगाची राजधानी एक्स्प्रेस दिल्ली-हावडा मार्गावर धावू लागली, त्यामागे अशा चाचण्यांची तपश्चर्या होती, हे सांगताना त्यांचा स्वर अभिमानाने किंचित चढे.

मानक नगरापासून थोड्याच अंतरावर अमौसीचा विमानतळ आहे. दुपारी अंगणात बसले की उतरू लागलेल्या विमानांचा आवाज कानी येतो. एका बाजूला रूळ आणि दुसऱ्या बाजूला धावपट्टी, अशा या भूमीत माझ्या बहिणीने जवळजवळ पन्नास वर्षे माहेरच्या माणसांची वाट पाहिली.

आता मापांचे बोलू. मुंबईच्या आणि लखनौच्या विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे १,१९० किलोमीटर आहे. विमान कंपन्यांच्या वेळापत्रकात ते सव्वादोन तासांच्या आसपास दाखवतात. या सव्वादोन तासांत विमान जागचे हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जाऊन थांबेपर्यंतचा सगळा काळ धरलेला असतो, प्रत्यक्ष आकाशातला काळ त्याहून कमी असतो. मुंबई-लखनौ पुष्पक एक्स्प्रेस हाच प्रवास चौदाशेहून अधिक किलोमीटरच्या रुळांवरून सुमारे एका अहोरात्रात करते. रावणाकडून रामाला मिळालेले आणि त्याला अयोध्येला घेऊन आलेले जे विमान, त्याचे नाव आपण दिवसभर रखडणाऱ्या आगगाडीला दिले आणि खऱ्या विमानांना नुसते क्रमांक दिले, यात विनोद आहेच, थोडे सत्यही असावे.

काळाने अंतर मोजणे ही आधुनिकांची युक्ती आहे, असा एक समज आहे. वस्तुतः ती फार जुनी रीत आहे. ‘मजल’ म्हणजे एका दिवसाची वाट, आणि ‘मजल दरमजल’ करीत आपले पूर्वज काशीला जात. विज्ञानानेही शेवटी हीच वाट धरली. १९८३ पासून मीटर या एककाची व्याख्या प्रकाशाच्या प्रवासावरून केली जाते. निर्वात पोकळीत एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात प्रकाश जेवढे अंतर कापतो, तो एक मीटर. म्हणजे अंतराचे प्रमाणसुद्धा आता काळावर टेकलेले आहे. मजल आणि विमानाचे वेळापत्रक यांत फरक आहे तो वेगळाच. मजल मोजणारा ती आपल्या पायांनी मोजत असे. तिच्यात ऊन, तहान, धर्मशाळा, ठग, नदीचा उतार हे सारे धरलेले असे. वेळापत्रकातल्या काळात प्रवाशाच्या वाट्याचे काही नसते. तो काळ यंत्राचा असतो, आपण केवळ त्यात बसतो.

पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये आपल्या काकांबरोबर उत्तर हिंदुस्थानात निघाले. घर कर्जात होते, आणि उत्तरेत मोठा यज्ञ होणार असून तेथे दक्षिणा मिळेल अशी आशा होती. वाटेत त्यांना सत्तावनचा वणवा भेटला. झाशीचा वेढा आणि पाडाव त्यांनी शहरात राहून पाहिला. मिळवलेले द्रव्य लुटले गेले. कित्येकदा जीव वाचला तो योगायोगानेच. अखेर गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते घरी परतले आणि त्या जलाने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. ‘माझा प्रवास’ हे त्यांचे पुस्तक १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी संपादून प्रसिद्ध केले, तेव्हापासून त्याच्याकडे आपण इतिहासाचे साधन म्हणून पाहत आलो आहोत. मला ते एका मुलाच्या पोहोचण्याचे पुस्तक वाटते. एवढ्या दीर्घ काळात वरसईच्या घरी काय झाले असेल, हे गोडसे भटजींना कळण्याची सोय नव्हती. त्यांच्या पाठीमागे कोणी गेले असते तर ते ‘उपस्थित नव्हते’ असे जग म्हणाले असते, ‘आले नाहीत’ असे कोणी म्हटले नसते. या दोन वाक्यांमधील भेद हाच माझ्या विवेचनाचा कणा आहे.

उपस्थित नसणे ही एक स्थिती आहे. न येणे ही कृती आहे. प्रवास जोवर महिन्यांचा होता तोवर अनुपस्थिती निसर्गाच्या खात्यावर जमा होई. दैव, ऋतू, समुद्र, चोरवाटा यांपैकी कोणावर तरी तिचा दोष टाकता येई. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन एक इवलेसे विमान मुंबईला जुहूच्या धावपट्टीवर उतरवले. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला जाणारे आपले पहिले आंतरराष्ट्रीय विमान निघाले आणि दोन दिवसांनी पोहोचले. पुढे मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंतचे सुमारे साडेतेरा हजार किलोमीटरही एका बैठकीत ओलांडले गेले. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांना जोडणारी सर्वांत आखूड रेषा पार आर्क्टिकच्या हिमप्रदेशावरून जाते. भिंतीवरच्या नकाशात जी वाट सरळ दिसते, ती प्रत्यक्षात लांबची असते. अभियंत्यांनी अंतराला असे नमवले, आणि आपल्या ध्यानात न येता एक मोठी उलथापालथ झाली. अनुपस्थिती निसर्गाच्या खात्यावरून उचलली गेली आणि माणसाच्या खात्यावर लिहिली जाऊ लागली.

कर्तव्य सांगताना शक्यता गृहीत धरलेली असते, हे कांटच्या नीतिविचारातले सूत्र सर्वपरिचित आहे. जे करणे मला शक्यच नाही ते माझे कर्तव्य असू शकत नाही. या सूत्राची दुसरी बाजू आपण सहसा उच्चारत नाही. शक्यता वाढली की कर्तव्याची सीमा विस्तारते. प्रत्येक नवा विमानमार्ग हा एका अर्थी नवे ऋण आहे, कारण तो सुरू झाला त्या दिवशी कोणाची तरी एक सबब संपते.

येथवरचे विवेचन मी कदाचित त्रयस्थपणे करू शकलो असतो. पुढचे तसे करता येणार नाही.

२०१८ च्या फेब्रुवारीत, एका बुधवारी संध्याकाळी, भावोजींचा दूरध्वनी आला. ‘हिला रुग्णालयात हलवले आहे. घाबरण्यासारखे नाही म्हणतात. पण तू येऊन गेलास तर तिला बरे वाटेल.’ एवढेच ते म्हणाले. उत्तरेतल्या हिवाळ्यात धुक्यामुळे विमाने खोळंबतात, पण तोवर धुके सरले होते, तीही सबब नव्हती. शुक्रवारी एका चर्चासत्राचे अध्यक्षपद मी स्वीकारलेले होते. मी वेळापत्रक पाहिले. मुंबईहून लखनौला दिवसातून अनेक विमाने होती. सव्वादोन तासांचा तर प्रश्न, असे मी स्वतःशी म्हटले आणि शनिवारी सकाळचे तिकीट काढले. भावोजींना तसे कळवले. ‘बरे,’ ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्यांनी कॅलिफोर्नियात मुलालाही कळवले होते. माझ्या भाच्याने कोणतेही वेळापत्रक मनात घोळवले नाही. मिळेल त्या विमानाने तो निघाला. सॅन फ्रान्सिस्कोहून दिल्ली हे बारा हजारांहून अधिक किलोमीटरचे, सुमारे सोळा तासांचे उड्डाण. दिल्लीहून लखनौ आणखी सव्वाचारशे किलोमीटर. शुक्रवारी दुपारी तो आईच्या उशाशी होता. त्याच सुमारास मी अध्यक्षीय समारोप करीत होतो. त्या चर्चासत्राचा विषय आज मला आठवत नाही. शुक्रवारी रात्री माझी बहीण गेली. शनिवारी सकाळी माझे विमान अगदी वेळेवर अमौसीला उतरले.

बारा हजार किलोमीटरवरचा पोहोचला आणि बाराशे किलोमीटरवरचा राहिला, हे नुसते सांगून भागणार नाही. असे का व्हावे, हे पाहिले पाहिजे. मला ज्या उत्तरापर्यंत येता आले ते असे. दूर असल्यामुळे भाच्याला ठरवावे लागले. जवळ असल्यामुळे मला ठरवावेच लागले नाही. जे केव्हाही करता येते ते आताच करण्याची निकड भासत नाही. अंतर अवघड असते तेव्हा माणूस त्याच्याशी झगडतो. ते सोपे झाले की माणूस त्याला उशी करून झोपतो. शक्यता वाढली की कर्तव्य वाढते, असे मी वर म्हटले. त्याला ही कडवट पुस्ती जोडली पाहिजे, की तीच शक्यता कर्तव्य पुढे ढकलण्याची उत्तम सोयही पुरवते. पूर्वीची सबब होती ‘जाता येत नाही’. माझी सबब होती ‘जाता येते’. गुरुवारी मुंबईहून पुष्पक एक्स्प्रेसने निघालो असतो, तरी मी तिच्याशी दोन शब्द बोलू शकलो असतो.

तत्त्वज्ञांनी या प्रश्नाकडे पाहिले नाही असे नाही. मार्टिन हायडेगरने १९५० च्या एका प्रसिद्ध व्याख्यानाच्या आरंभीच विमान आणि आकाशवाणी यांमुळे आटत चाललेल्या अंतरांचा उल्लेख केला होता, आणि अंतर कमी होणे म्हणजे जवळीक साधणे नव्हे, असे बजावले होते. हे खरेच आहे. तरीही त्या प्रतिपादनात मला एक पळवाट दिसते. जवळीक हरवल्याचा दोष यंत्रयुगावर टाकला, की आपण मोकळे होतो. त्या बुधवारी विमानाने मला अडवले नव्हते, उलट ते दिवसातून अनेकदा मला न्यायला तयार होते. दुसऱ्या टोकाला पीटर सिंगर आहे. पूर्व बंगालमधील १९७१ च्या आपत्तीच्या पार्श्वभूमीवर लिहिलेल्या आणि १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने असे मांडले, की साहाय्य करण्याच्या कर्तव्यात अंतराला नैतिक महत्त्व नाही. दाराशी बुडणारे मूल आणि दहा हजार मैलांवर भुकेलेले मूल यांत भेद करता येत नाही. परक्यांच्या बाबतीत हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण अंतर नैतिकदृष्ट्या शून्य आहे असे म्हणताना, अंतर माणसाच्या मनावर काय परिणाम करते हा प्रश्न बाजूला राहतो. माझा अनुभव असा, की जवळपणाही मनाला तितकाच फसवतो.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. परदेशी गेलेल्या मुलांविषयी आपल्या कथा-कादंबऱ्यांतून आणि नाटकांतून एक सरधोपट खटला फार काळ चालला आहे. वाट पाहणारी आई, न येणारा मुलगा आणि डॉलर. या खटल्यात न्यायाधीश बहुधा दादर-पुण्यात राहणारा असतो. नोकरीची टांगणी, परवान्याची मुदत, लहान मुले, तिकिटाची किंमत यांच्या साक्षी तो घेत नाही. वातावरणाच्या वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांमुळे न्यूयॉर्कहून लंडनला येणारे विमान परतीच्या विमानापेक्षा तासभर आधी पोहोचते. म्हणजे जाण्याचे आणि येण्याचे अंतर एकच असले तरी काळ एक नसतो. वाट पाहणाऱ्याचे तास आणि येणाऱ्याचे तास असेच निराळे असतात, आणि एकाच्या घड्याळाने दुसऱ्याचा न्याय करू नये. माझी बहीण संध्याकाळी दूरध्वनीवर म्हणे, ‘आमच्याकडे दिवेलागण झाली, तुमच्याकडे अजून ऊन असेल.’ घड्याळ दोन्हीकडे एकच होते, सूर्य मात्र अर्ध्या तासाने पुढेमागे होता. मुंबई शहराने तर प्रमाणवेळेहून ३९ मिनिटे मागे असलेली आपली स्वतंत्र वेळ १९५५ पर्यंत जपली होती.

आणि आप्तपणाचे माप रक्ताने ठरते, हेही सोडून दिले पाहिजे. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. अठ्ठावन्न दिवस. धक्क्यावर त्यांना घ्यायला थिओडिशिया कार्पेंटर आल्या होत्या. या बाईंनी आनंदीबाईंविषयी एका नियतकालिकात वाचून त्यांना पत्र लिहिले होते, एवढाच तो संबंध. पुढे २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाईंचा अंत झाला, तेव्हा त्यांची रक्षा समुद्रापार पाठवण्यात आली आणि कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, ती विसावली. टपालाला महिना-दीड महिना लागणाऱ्या त्या काळात या दोघी एकमेकींच्या जितक्या निकट होत्या, तितका मी सव्वादोन तासांच्या वाटेवर माझ्या बहिणीच्या निकट नव्हतो, हे मला मान्य केले पाहिजे.

२०२० मध्ये, २५ मार्चपासून २५ मेपर्यंत, देशांतर्गत प्रवासी विमाने थांबली. आगगाड्याही थांबल्या. दोन महिने आपल्याला गोडसे भटजींच्या काळातले अंतर परत मिळाले. त्या दिवसांत माझ्या परिचयातल्या कित्येकांना आईवडिलांचे अंत्यदर्शन घेता आले नाही. त्यांचे दुःख मोठे होते, आणि मी त्यांच्या सांत्वनाला दूरध्वनीवरून चार शब्दही बोललो. परंतु प्रामाणिकपणे लिहायचे तर त्या वेळी मनाच्या तळाशी एक लाजिरवाणी भावना होती. मला त्यांचा हेवा वाटला. त्यांना सबब होती. ती सरकारने दिलेली होती, राजपत्रात छापलेली होती. दुःखाला अपराधाची जोड नसणे हे केवढे भाग्य असते, हे मला तेव्हा उमगले. त्यानंतर विमाने पुन्हा उडू लागली आणि ते भाग्य सर्वांचेच संपले.

मग काय, वेग नाकारावा? विमाने बंद करून बैलगाड्या जोडाव्या? असा भाबडा उपाय सुचवण्याचा माझा हेतू नाही. भाचा आईला भेटला तो विमानामुळेच. येथे मला भावोजींची दोलन-चाचणी आठवते. त्यांच्या शास्त्रात वेग वाढवण्यापूर्वी विचारले जाई, की या वेगाला चाक रुळाला धरून राहील का. आपण आपल्या नात्यांचा वेग वाढवला, पण हा प्रश्न विचारलाच नाही. सव्वादोन तासांत पोहोचू शकणाऱ्या माणसाचे मन त्या सव्वादोन तासांसाठी सज्ज आहे की नाही, याची चाचणी घेणारी संस्था मानक नगरातही नाही. ती ज्याची त्यानेच घ्यायची असते, आणि मी तिच्यात उतरलो नाही.

भावोजी आता थकले आहेत. वर्षातून दोनदा मी त्यांच्याकडे जातो, बहुधा पुष्पकने. वेळ वाया घालवण्यात काही पुण्य आहे अशी माझी समजूत नाही. त्या अहोरात्रात एवढेच होते, की मी कोणाकडे आणि कशासाठी चाललो आहे याचा विसर पडायला फुरसत मिळत नाही. गाडी मानक नगरला थांबत नाही. शेवटच्या स्थानकाआधी त्या नावाची पाटी खिडकीतून झर्रकन मागे जाते. मागच्या खेपेस निघताना मी पुढच्या वेळचे काहीबाही ठरवू लागलो, तेव्हा भावोजी फाटकाशी उभे राहून म्हणाले, ‘ठरवू नकोस. येत जा.’